झाडांना उजेड कसा कळतो, यावर संशोधन करायचंय? सुरुवात अंधारापासून करा

आमच्याकडे नवरात्रात घट बसतात. टोपलीत पत्रावळ, तिच्यावर शेतातली काळी माती, त्यात गहू-ज्वारी पेरायची, मधे मातीचा घट. देवघराच्या कोपऱ्यात उजेड बेताचाच असतो. नवव्या माळेपर्यंत वीतभर उंच, पिवळट, हात लावला की लवणारं धान तयार होतं आणि दसऱ्याला ते टोपीत खोचून मंडळी सोनं वाटायला निघतात. सहावीत असताना मी आजीला विचारलं होतं, "शेतातला गहू हिरवागार असतो, मग हा पिवळा का?" आजी म्हणाली, "ऊन कुठं लागलंय गं त्याला."

आजीचं बरोबरच होतं. पण पुढचा प्रश्न मला सुचायला बरीच वर्षं गेली. ऊन मिळालं नाही म्हणजे अन्न तयार झालं नाही. मग रोप खुरटायला हवं होतं. ते उलट शेतातल्या त्याच वयाच्या रोपापेक्षा उंच कसं झालं?

आज मी त्याच प्रश्नावर काम करते. झाड उजेडाचा वापर फक्त अन्नासाठी करत नाही. आपण कुठे आहोत, शेजारी कोण आहे, ऋतू कोणता चाललाय, ही सगळी बातमीही ते उजेडातूनच घेतं. बी मातीखाली असताना बातमी येते, 'अजून अंधार आहे', आणि रोप बियाण्यातली शिदोरी पाने करण्यात न घालवता उंची गाठण्यात खर्चतं. घटातलं धान आजारी नसतं. ते उजेड शोधत असतं.

या विषयात करिअर करावं असं वाटणारी मुलं-मुली मला अधूनमधून विचारतात, "कुठून सुरुवात करू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली पायरी: घरी प्रयोग करा, आणि नीट करा

प्रवेश परीक्षा, कॉलेज, फेलोशिप या गोष्टी पुढे येतीलच. त्याआधी हा विषय आपल्याला मनापासून आवडतो का, ते बघा. त्याला मूठभर मूग, तीन वाट्या आणि चपलांची दोन खोकी पुरतात.

मूग रात्रभर भिजवा. सारख्या आकाराचे साठ दाणे निवडा आणि तीन वाट्यांत ओल्या कापसावर वीस-वीस ठेवा. एक वाटी खिडकीत ठेवा. दुसरी खोक्यात बंद करा आणि खोक्याच्या सगळ्या सांध्यांना काळी इन्सुलेशन टेप लावा. तिसरी दुसऱ्या खोक्यात तशीच बंद करा, पण त्या खोक्याला एका बाजूला दहा रुपयांच्या नाण्याएवढं भोक पाडा. पाचव्या दिवशी खोकी उघडा आणि तिन्ही वाट्या शेजारी ठेवा. अंधारातल्या मुगाचा देठ लांब, पांढरट, आणि शेंड्याशी आकडीसारखा वाकलेला दिसेल. ती आकडी म्हणजे मातीतून वर येताना कोवळा शेंडा खरचटू नये म्हणून रोपाने केलेली सोय आहे. खिडकीतले देठ आखूड, आकडी उलगडलेली, पानं हिरवी. भोकाच्या खोक्यातली रोपं भोकाकडे झुकलेली.

इथपर्यंत शाळेतही शिकवतात. आता दोरा आणि पट्टी घेऊन साठही रोपांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा आणि वहीत लिहा. न उगवलेले दाणे किती, तेही लिहा. सरासरी काढा. मग तोच प्रयोग पुन्हा करा. दुसऱ्या वेळी आकडे बदलतील. ते का बदलले याचा विचार करताना तुम्हाला कंटाळा आला, तर हे क्षेत्र तुमचं नाही आणि त्यात काही वाईटही नाही. पण त्या विचारात रात्रीचे अकरा वाजले असतील, तर पुढे वाचा.

पुढचा प्रयोग गव्हावर करा. अंधारात तीन दिवस वाढवलेल्या गव्हाच्या कोंबांपैकी काहींच्या शेंड्यावर अॅल्युमिनियम फॉइलची टोपी घाला, काहींच्या बुडाला फॉइलची पट्टी गुंडाळा, काही तसेच ठेवा. मग एका बाजूने मंद उजेड द्या. टोपी घातलेले कोंब सहसा वळत नाहीत, बुडाला पट्टी असलेले वळतात. उजेड कळतो शेंड्याला, वळतं मात्र खालचं अंग. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली एका गवताच्या कोंबावर हेच दाखवलं होतं. शेंड्याकडून खाली काहीतरी निरोप जातो, या त्यांच्या निष्कर्षातूनच पुढे ऑक्सिन या संप्रेरकाचा शोध लागला. स्वयंपाकघरातल्या गव्हावर तो प्रयोग स्वतःच्या हाताने जमला की जो आनंद होतो, तो मला आजही आठवतो.

एक चूक जवळजवळ सगळेच करतात, म्हणून आधीच सांगते. लाल-निळ्या उजेडाचा परिणाम बघायला म्हणून रोपांवर रंगीत जिलेटिनचा कागद लावून ती उन्हात ठेवतात. उन्हात लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा दूर-लाल प्रकाश भरपूर असतो आणि तो लाल, निळ्या, हिरव्या कुठल्याही जिलेटिनमधून सहज आरपार जातो. झाडाला तो चांगला कळतो. म्हणजे तुम्हाला वाटतं रोप निळ्या उजेडात आहे, प्रत्यक्षात ते निळ्या आणि दूर-लाल उजेडात असतं. त्यापेक्षा उन्हाऐवजी पांढरा एलईडी बल्ब वापरा, त्यात दूर-लाल फारच कमी असतो. बल्बच्या उष्णतेने रोपं तापू नयेत इतकं अंतर ठेवा.

दुसरी पायरी: झाडाच्या 'डोळ्यां'ची ओळख

पुस्तकाआधी एक गोष्ट ऐका. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सविल इथल्या शेती संशोधन केंद्रात हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेन्ड्रिक्स आणि त्यांचे सहकारी लेट्यूसच्या बियांवर काम करत होते. या बिया अंधारात फारशा उगवत नाहीत. लाल उजेडाचा थोडा वेळ झोत दिला की उगवतात. लालनंतर लगेच दूर-लाल दिला की उगवत नाहीत. मग त्यांनी लाल, दूर-लाल, लाल, दूर-लाल असे झोत कितीतरी वेळा आलटून पालटून दिले. बी फक्त शेवटचा झोत लक्षात ठेवत होती. शेवटी लाल असेल तर उगवायचं, दूर-लाल असेल तर थांबायचं. हे १९५२ साली प्रसिद्ध झालं. दिव्याचं बटण खाली-वर करावं तसं रूप बदलणारं एखादं रंगद्रव्य झाडात असणार, असा त्यांनी अंदाज बांधला आणि काही वर्षांत ते सापडलंही. त्याचं नाव फायटोक्रोम. एक रूप ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतं, दुसरं ७३० च्या आसपासचा दूर-लाल.

याचा शेताशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर त्याला दाट पेरलेल्या तिळात उभं करा. दाटीत झाड सडसडीत उंच जातं, फांद्या कमी फुटतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. पान लाल प्रकाश शोषून घेतं, दूर-लाल मात्र सोडून देतं. त्यामुळे हिरव्या पानांखालच्या सावलीत लालचं प्रमाण घसरतं, फायटोक्रोमला ते कळतं आणि झाड शेजाऱ्याच्या वर डोकं काढायला धावतं. कुळवणी केली की तणाचा नवा फेर उगवतो, त्यामागेही एक कारण हेच आहे. कित्येक तणांच्या बिया मातीत उजेडाची वाट बघत पडलेल्या असतात.

निळ्या उजेडासाठी क्रिप्टोक्रोम आणि फोटोट्रोपिन हे वेगळे ग्राहक, म्हणजे उजेड टिपणारी प्रथिनं, आहेत. तुमचा मूग भोकाकडे वळला तो फोटोट्रोपिनमुळे. अतिनील-बी किरणांसाठी आणखी एक आहे. सुरुवातीला एवढी नावं पुरेत.

दिवसाची लांबी हा मात्र वेगळा आणि फार समृद्ध विषय आहे. शेवंती मोठ्या रात्री मिळाल्या की कळ्या धरते. म्हणून पॉलिहाऊसमध्ये सुरुवातीला रात्री दिवे लावून तिला नुसतं वाढू देतात आणि दांडा हवा तेवढा झाला की दिवे बंद करतात. ड्रॅगन फ्रूटचं उलटं आहे. त्याला मोठा दिवस लागतो, म्हणून हिवाळ्यात बागेत रात्री दिवे लावून अवेळी फळ घेण्याचे प्रयत्न आपल्याकडे होत आहेत. या सगळ्याचा पाया गार्नर आणि अॅलार्ड यांनी १९२० मध्ये घातला. तंबाखूचा एक वाण उन्हाळ्यात फुलतच नव्हता. त्याला रोज संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यांनी दिवस आखूड केला आणि तो फुलला. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर, म्हणजे बांधावरून जाताना धोतराला चिकटतं त्या काटेरी फळांच्या तणावर काम केलं आणि दाखवलं की झाड खरं तर रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मधे काही मिनिटं दिवा लावला तरी फुलणं थांबतं.

आणि ऊस! पावसाळा सरता सरता दिवस साडेबारा तासांच्या आसपास आला की उसाच्या शेंड्यात तुऱ्याची तयारी सुरू होते. तुरा आला की वाढ थांबते, ऊस फार काळ उभा राहिला तर दशी पडते, म्हणजे तो आतून पोकळ होतो, वजन घटतं. म्हणून शेतकऱ्याला तुरा नको असतो. पण नवा वाण काढणाऱ्याला तुरा हवाच, कारण फुलाशिवाय संकर होणार कसा? वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं संकराचं काम आंबोलीला चालतं, कारण तिथे उसाला चांगला तुरा येतो. एकाच गोष्टीची एकाला भीती आणि दुसऱ्याला गरज. असा विषय अभ्यासायला मिळणं मला तरी भाग्याचं वाटतं.

तिसरी पायरी: शिक्षणाची वाट

अकरावी-बारावीला जीवशास्त्र घ्या, पण गणित सोडू नका. हा सल्ला मला कुणी दिला नव्हता आणि पीएचडीत संख्याशास्त्र शिकताना मला त्याची किंमत मोजावी लागली.

बारावीनंतर तीन वाटा आहेत. एक, आयसरची, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा. पुण्याचं आयसर जवळ आहे आणि तिथे वनस्पतींवर चांगलं काम चालतं, बटाट्याला कंद धरताना दिवसाच्या लांबीचा निरोप पानातून जमिनीखाली कसा पोचतो यावरही झालं आहे. नेस्ट ही परीक्षा भुवनेश्वरच्या नायसर या राष्ट्रीय विज्ञान संस्थेसाठी आणि मुंबईत कलिन्याला असलेल्या मूलभूत विज्ञान केंद्रासाठी असते. दुसरी वाट, जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र. तिला कमी लेखू नका. झाड बघून ओळखणारे विद्यार्थी अजून तिथेच तयार होतात, आणि ते कसब मोठ्या संस्थांतल्या मुलांकडे बऱ्याचदा नसतं. तिसरी, सीईटी देऊन राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली कृषी विद्यापीठाअंतर्गत बी.एस्सी. अॅग्री. पिकांवरच काम करायचं असेल तर ही वाट सरळ आहे, नोकरीचे दरवाजेही जास्त आहेत.

एम.एस्सी.साठी जॅम ही सामाईक प्रवेश परीक्षा आणि केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी-पीजी बघा. शेवटच्या वर्षी सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी सुरू करा. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरून चालू नका, दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा.

वेळेचा हिशेबही स्पष्ट सांगते. बारावीनंतर पाच वर्षं, पीएचडीची पाच ते सहा, मग दोन ते चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनपद. स्थिर नोकरी लागेपर्यंत तिशी ओलांडलेली असते. घरच्यांशी हे पहिल्याच वर्षी बोला. लग्नाचा विषय निघाल्यावर नव्हे.

मराठी माध्यमातून आलेल्यांना भीती इंग्रजीची असते. मीही तिथूनच आले. मी निरीक्षणं मराठीत लिहायचे आणि रात्री त्यातला एक परिच्छेद इंग्रजीत करायचे. वर्षभरात हात बसला. निरीक्षण चुकीचं असेल तर भाषा कितीही चांगली असली तरी उपयोग नाही, उलटं मात्र सुधारता येतं.

चौथी पायरी: प्रयोगशाळेतली कसबं

सगळ्यात आधी उजेड मोजायला शिका. मोबाईलमधलं लक्सचं अॅप माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतं, झाडाच्या नव्हे. आपण फोटॉन मोजतो. दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल, असा हिशेब. भर दुपारचं कडक ऊन साधारण २००० असतं, प्रयोगशाळेत दिव्यांखाली रोपं वाढवायच्या वाढकपाटात बहुतेक वेळा १०० ते १५० च्या आसपास. त्यातही साधा मीटर ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतच बघतो, दूर-लाल त्याला दिसतच नाही. त्यासाठी प्रत्येक रंगाचा उजेड वेगळा मोजणारा स्पेक्ट्रोरेडिओमीटर लागतो. कुठल्याही प्रयोगशाळेत गेलात की पहिल्या आठवड्यात तो मागून घ्या आणि कपाटाच्या मधे नि कोपऱ्यात उजेडात किती फरक आहे ते स्वतः मोजा. फरक बघून तुम्ही दचकाल.

अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपाशी मैत्री करावी लागेल. बीपासून बीपर्यंत दीड-दोन महिने, आणि त्याचा सगळा जीनोम, म्हणजे डीएनएचा पूर्ण मजकूर, २००० सालापासून वाचून ठेवलेला. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या मार्टेन कूर्नेफ यांनी १९८० मध्ये याच रोपाचे असे उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले वाण वेगळे केले, जे भर उजेडातही अंधारात असल्यासारखे लांब देठाने वाढत. त्यांच्यातला बिघाड कुठे आहे हे शोधता शोधता फायटोक्रोम आणि क्रिप्टोक्रोमची जनुकं हाती लागली. संकर करताना सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने फुलातले पुंकेसर काढावे लागतात. फूल साबुदाण्याच्या दाण्याएवढं. हात थरथरतो, पन्नास फुलं वाया जातात, मग जमतं. फोटोवरून देठ मोजायला इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर आहे, आकडेवारीसाठी आर (R) ही संगणकभाषा शिका. दोन्ही घरी बसून शिकता येतात.

आणि अंधार. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी अंधारातली रोपं नीट येईनात. आकडी अर्धवट उघडलेली, देठ आखूड. तीन आठवडे मी बियांना दोष दिला, माध्यमाला दिला, पाण्याला दिला. शेवटी एका संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत दार लावून नुसती बसून राहिले. पंधरा मिनिटांनी डोळे सरावले आणि कोपऱ्यातल्या तापमान-नियंत्रकावर तिळाएवढा लाल दिवा दिसला. एरवी कुणाच्या लक्षातही आला नसता. पण फायटोक्रोम ए हा ग्राहक इतका संवेदनशील आहे की त्याला तेवढा उजेड खूप झाला. मी त्यावर काळ्या टेपचे तीन थर लावले आणि पुढच्या खेपेला रोपं सुतासारखी सरळ, लांब आली. तेव्हापासून खिशात टेपचं रीळ असतंच. अशा खोलीत हिरवा मंद दिवा वापरतात, पण तोही गरजेपुरता आणि रोपांपासून दूर. मोबाईल खोलीबाहेर.

पाचवी पायरी: मार्गदर्शक शोधणं

विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, दोन महिन्यांची. बी.एस्सी.ला असतानाच अर्ज करा. अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्याच्या सुमारास भरायचे असतात, तारीख हुकवू नका. प्रकाशाच्या अभ्यासाची परंपरा दिल्ली विद्यापीठात आणि हैदराबाद विद्यापीठात जुनी आहे. दिल्लीचं राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थान आणि पुण्याचं आयसर ही नावंही यादीत ठेवा.

प्राध्यापकांना मेल लिहिताना 'मला आपल्या कामात प्रचंड रस आहे' असं शंभर जणांना एकच पत्र पाठवू नका. त्यांचे दोन शोधनिबंध वाचा आणि एका आकृतीबद्दल खरा पडलेला प्रश्न विचारा. घरी केलेल्या प्रयोगाची दोन वाक्यं आणि आकडे जोडा. आठ-दहा ओळी पुरेत. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा. त्यात कमीपणा काही नाही, मेल खरंच खाली जातात.

प्राध्यापकीच हवी असं नाही. जालन्याकडच्या बियाणे कंपन्या, टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळा, पॉलिहाऊस आणि शेतीसाठी एलईडी दिवे बनवणारे, सगळ्यांना उजेडाची जाण असलेली माणसं लागतात. रोज २२ तास उजेड देऊन गव्हाच्या वर्षाला सहा पिढ्या घेण्याची पद्धत आता वाण पैदाशीत रुळते आहे. तिथेही हेच ज्ञान लागतं.

मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारते, "तुमच्या खोक्यात अंधार होता हे कशावरून?" बहुतेक जण म्हणतात, झाकण लावलं होतं. गेल्या खेपेला सोलापूर भागातल्या एका कॉलेजातून आलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे प्रयोगशाळेत काळी खोली नाही. मी घरचं धान्याचं कपाट रिकामं केलं आणि आत बसून पाहिलं. दहा मिनिटं काहीच दिसलं नाही. मग बिजागरीच्या एका निघालेल्या स्क्रूच्या भोकातून उजेड येताना दिसला. तिथे कणीक लावली आणि मग मूग ठेवले." तिने वही उघडून माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर कपाटाचं चित्र होतं आणि त्या भोकाभोवती पेन्सिलीने गोल काढलेला होता.